तिला सोडून सगळ्यांना

कायद्याच्या कॉलेजच्या प्रवेशअर्जावर, अगदी शेवटच्या पानाच्या तळाशी, एक छोटासा चौकोन असतो. ‘माझ्याबद्दलचे शिफारसपत्र पाहण्याचा हक्क मी स्वखुशीने सोडत आहे.’ त्यात खूण करायची आणि खाली सही. जी पोरं उद्या दुसऱ्यांच्या हक्कांसाठी भांडणार, त्यांच्याकडून आधी स्वतःचाच हक्क सोडवून घ्यायचा, आणि तोही म्हणे स्वखुशीने! खूण केली नाही तरी चालेल, असं अर्जात लिहिलेलं असतं. खूण नसलेलं पत्र कुणी मनावर घेत नाही, हे मात्र लिहिलेलं नसतं. ते सगळ्यांना ठाऊक असतं.

थोरलीने खूण केली, सही केली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. पत्र लिहिणार होत्या वकीलबाई, आणि वकीलबाईंवर तिचा स्वतःपेक्षा जास्त भरवसा होता. पदवीचा अभ्यास करता करता ती त्यांच्या कचेरीत काम करायची. फायली लावायच्या, तारखा टिपून ठेवायच्या, रडत आलेल्या अशिलाला पाणी देऊन बसवायचं. त्याही आधी वकीलबाईंनी तिच्या वडिलांचा खटला लढवला होता. हरल्या, पण जीव तोडून लढवला होता.

वडील बस चालवायचे. मालकाने रात्रपाळीला जोडूनच सकाळची पाळी लावली, नाही म्हणशील तर उद्यापासून येऊ नकोस म्हणाला, आणि त्या पहाटे स्टिअरिंगवर वडिलांचा डोळा लागला. एक सायकलवाला गेला. मालक आजही आपल्या घरी गादीवर झोपतो. वडील तुरुंगात. आत जाण्याआधी त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून थोरलीच्या हातात दिलं. मोठ्या तबकडीचं, पट्ट्याला जादा भोक पाडावं लागलेलं ते घड्याळ तिने तेव्हापासून उतरवलं नव्हतं.

धाकटी तेव्हा फारच लहान होती. तिला सांगितलं, बाबा लांबच्या देशात मोठे ट्रक चालवायला गेलेत. एकदा मारलेली थाप, मग ती मोडायला मुहूर्तच सापडेना. तिचा ताप उतरू दे, मग सांगू. तिची परीक्षा होऊ दे, मग सांगू. वडिलांची पत्रं यायची ती आई वाचून दाखवायची, तुरुंगाचा शिक्का अंगठ्याखाली झाकून. मावशीला माहीत होतं, शेजारच्या काकूंना माहीत होतं, पण सगळ्या मूग गिळून होत्या. धाकटी नऊ वर्षांची झाली आणि नकाशात त्या लांबच्या देशाला रंग भरायला लागली.

प्रवेश मिळाला. आईने हॉस्पिटलच्या धुलाईघरातून रजा काढली, धाकटीला नवे मोजे घातले, आणि तिघी स्वागतसमारंभाला गेल्या.

सकाळी ओळखपत्राच्या रांगेत एक कुरळ्या केसांची मुलगी भेटली. बडबडी, हसरी, पहिल्या पाच मिनिटांत मैत्री जमवणारी. तिने घड्याळ पाहून विचारलं, “हे कुणाचं गं? तुझ्या दोन मनगटांना पुरेल.”

“बाबांचं,” थोरली म्हणाली. “ते बाहेरदेशी असतात.” धाकटी शेजारीच उभी होती, दुसरं काय म्हणणार?

सभागृह खच्चून भरलं होतं. मुलं, आईवडील, पहिल्या रांगेत कॉलेजला देणग्या देणारी मंडळी. प्राचार्य उंचेपुरे, आवाज कमावलेला. बोलता बोलता त्यांनी खिशातून घडी केलेले कागद काढले.

“दरवर्षी आमच्याकडे ढिगाने शिफारसपत्रं येतात,” ते म्हणाले. “हुशार आहे, मेहनती आहे, तेच तेच. पण यंदा एक पत्र असं आलं की निवड समितीतला एकही डोळा कोरडा राहिला नाही. तुम्हाला त्यातलं थोडं ऐकवतो. नाव अर्थातच घेणार नाही. गोपनीयता ही आपल्या पेशाची पहिली पायरी आहे.”

पहिली पायरी! आणि तिच्यावरच उभं राहून या गृहस्थाने वाचायला सुरुवात केली.

“‘ही मुलगी मनगटावर एक मोठं, पुरुषी घड्याळ घालते. ते तिच्या वडिलांचं आहे.’”

थोरलीला आधी काही कळलंच नाही. आपल्यासारखं घड्याळ घालणारी आणखी कुणी आहे, असं वाटून तिने मान वळवून बघितलंसुद्धा. मग बस आली. मग ती पहाट आली, मालक आला, सायकलवाला आला. भेटीच्या रविवारी तुरुंगाच्या दारात रांगेत उभी राहून ही मुलगी इतर बायकांचे अर्ज कसे लिहून देते, तेही आलं. प्राचार्य छान वाचत होते. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, त्यांना बरोबर कळत होतं. थोरलीने बाही खाली ओढली. ती आखूड होती, घड्याळापर्यंत पोचेना.

शेजारी बसलेल्या कुरळीने घड्याळाकडे बघितलं आणि झटकन नजर दुसरीकडे वळवली. ते तिचं नजर वळवणं थोरलीला जास्त लागलं.

आणि मग आईच्या पलीकडून, त्या शांततेत, धाकटीचा स्पष्ट आवाज आला.

“ताई, हे तुझ्या घड्याळाबद्दल आहे ना? बाबांच्या?”

पुढच्या रांगेतली डोकी वळली. आईने धाकटीचा हात धरला आणि उठली, पण त्या बसल्या होत्या रांगेच्या मधोमध. बाहेर पडायचं तर एवढ्या लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढायची. तेवढ्यात वाचन संपलं आणि टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, काही जण डोळे पुसत होते, आणि आई धाकटीला ओढत त्या टाळ्यांमधून ‘जरा सरका, जरा जाऊ द्या’ करत चालली होती.

फाटकाबाहेर धाकटी थांबली. “म्हणजे बाबा ट्रक नाही चालवत?”

“घरी गेल्यावर सांगते,” आई म्हणाली.

घरी गेल्यावर आईने सांगितलं, रडत रडत, अर्धंमुर्धं. धाकटीने ऐकून घेतलं. रडली नाही. भिंतीवरचा नकाशा काढला, गुंडाळी करून कपाटामागे टाकला, आणि त्या दिवसापासून ती दोघींशी कामापुरतं बोलायला लागली. जेवण झालं, दार लावलं, उद्या शाळेला चित्रकलेची वही हवी, एवढंच. जी पोर एका दमात दहा प्रश्न विचारायची, तिने एक प्रश्न विचारला नाही.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दुसऱ्याच दिवशी ती कॉलेजच्या कार्यालयात, खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. आत चष्मा कपाळावर चढवलेले एक कारकून बसले होते.

“मला माझं शिफारसपत्र बघायचंय.”

कारकुनांनी फाईल काढली, शेवटचं पान उलटलं आणि बोट ठेवलं. “नाही बघता येणार. गोपनीय आहे. तुम्ही हक्क सोडलाय. ही काय, सही तुमचीच ना?”

“काल सभागृहात मोठ्याने वाचलं ते. मायक्रोफोनवर!”

“ते मला माहीत नाही. मी खिडकीत होतो.”

“अहो, माझ्या आईने ऐकलं, बहिणीने ऐकलं, देणगीदारांनी ऐकलं, त्यांच्या ड्रायव्हरांनी ऐकलं. माझ्याबद्दलचं सगळं सगळ्यांना माहीत आहे, मला सोडून!”

“बरोबर आहे,” कारकून शांतपणे म्हणाले. “हक्क तुम्ही सोडलाय. त्यांनी थोडाच सोडलाय?”

याच्यावर माणसाने काय बोलावं? कारकुनाची चूक नव्हती, हेच जास्त संतापजनक होतं. नियम अगदी काटेकोर पाळला जात होता, आणि तो फक्त तिच्यापुरताच होता. वर त्या भल्या माणसाने जाता जाता बातमी दिली, की ते पत्र देणगीदारांसाठीच्या पुस्तिकेतही छापायचं ठरलंय. पहिल्याच पानावर.

तिथून ती तडक वकीलबाईंच्या कचेरीत गेली. वकीलबाई ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत होता. सगळं सांगून झाल्यावर थोरली त्यांच्यावरच उलटली.

“तुम्ही लिहिलंत कशाला बाई? मला विचारायचं तरी!”

“विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.”

“म्हणालेच असते!”

“आणि मग हुशार आहे, मेहनती आहे, एवढं लिहून दिलं असतं, आणि तुझा अर्ज त्या ढिगात तळाशी गेला असता. ते मला नको होतं.” वकीलबाईंनी टेबलावरचं पेन उगाच इकडचं तिकडे केलं. “बंद दाराआड चार माणसं वाचतील, म्हणून लिहिलं. त्या दाराचा भरवसा धरला, तिथे माझं चुकलं. ते मी कबूल करते.”

थोरलीचा राग उतरला नाही, पण बाईंवर तो धरून ठेवणंही जमेना. वकीलबाईंनी खणातून स्वतःजवळची प्रत काढून तिच्यासमोर ठेवली.

“घे, वाच. आता कसली लपवाछपवी.”

थोरलीने कागदाकडे बघितलं, हात पुढे केला, आणि मागे घेतला.

“नको. मी सही केलीय.”

“अगं, सगळ्या गावाने ऐकलं ते!”

“गावाने सही केली नव्हती. मी केलीय. त्यांनी शब्द मोडला म्हणून मी मोडला, असं उद्या कुणी म्हणायला नको.”

वकीलबाईंनी कागद पुन्हा खणात टाकला. “एवढंच सांग. शेवटच्या ओळी वाचल्या का त्याने?”

“कसल्या ओळी? टाळ्यांच्या आधी तो तुरुंगाच्या दारातल्या रांगेपाशी थांबला.”

“थांबणारच,” वकीलबाई दातओठ खात म्हणाल्या. “पुढचं वाचायला तोंड कुठून आणणार? त्यालाच विचार. सगळ्यांसमोर विचार.”

आधी ती प्राचार्यांच्या खोलीत गेली. तिला वाटलं, माणूस आहे, चुकला असेल, सांगितलं तर ओशाळेल. प्राचार्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं.

“तर ती तू!” ते म्हणाले, जसं काही बक्षीस द्यायला बोलावलं होतं. “हे बघ बाळ, मी नाव घेतलं नव्हतं. लोक किती हेलावले पाहिलंस ना? तुला अभिमान वाटायला हवा. कॉलेजच्या मदतनिधीतून तुझ्यासाठी काहीतरी करायचं माझ्या मनात आहे. पुस्तिका निघाली की बघू.”

“पुस्तिकेत ते छापू नका, सर. आणि ज्या सभागृहात वाचलंत, तिथेच चूक झाली म्हणून सांगा. माझ्या बहिणीला त्या दिवशी कळलं. खुर्चीत बसल्या बसल्या, परक्या माणसाच्या तोंडून.”

प्राचार्यांच्या कपाळावर आठी पडली. “सभागृहात कसं सांगणार? उगाच गाजावाजा होईल. मी तुझ्यापाशी खेद व्यक्त करतो, झालं? आणि हे आपलं बोलणं या खोलीबाहेर जाऊ देऊ नकोस.”

आता बघा! घरातलं दुःख चव्हाट्यावर मांडताना या माणसाची जीभ अडखळली नाही, आणि स्वतःच्या अर्ध्यामुर्ध्या माफीला मात्र चार भिंती हव्यात, बंद दार हवं. थोरली पाण्याला हात न लावता उठली.

सोमवारी प्राचार्यांचा पहिला तास होता, त्याच सभागृहात. पहिल्या वर्षाची सगळी मुलं बसली होती. त्यांनी हातातली फाईल टेबलावर ठेवली आणि विषयाला हात घातला. अशील वकिलापाशी मन मोकळं करतो, ती गोष्ट कुणाच्या मालकीची?

“वकिलाची?” पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

“अजिबात नाही!” प्राचार्यांनी टेबलावर हात आपटला. “ज्याचं गुपित, त्याची मालकी. वकील नुसता राखणदार. हे एवढं ज्याला कळलं नाही, त्याने काळा कोट घालू नये.”

थोरलीने हात वर केला. घड्याळाचा हात.

“सर, शिफारसपत्रातली गोष्ट कुणाच्या मालकीची?”

प्राचार्य क्षणभर थांबले. “ते वेगळं. ते संस्थेकडे आलेलं असतं.”

“मग संस्थेलाच विचारते. त्या दिवशी तुम्ही इथे पत्र वाचलंत, त्याच्या शेवटच्या ओळी राहिल्या. त्या काय होत्या?”

“आपण नंतर बोलू. माझ्या खोलीत.”

“खोलीत बोलून झालं, सर. पत्र खोलीत नव्हतं वाचलं.”

कुजबुज सुरू झाली. थोरलीने मनगट सगळ्यांना दिसेल असं धरलं. “ते पत्र माझ्याबद्दल होतं. घड्याळ हेच. ज्यांना अंदाज होता त्यांचा बरोबर होता.”

प्राचार्यांनी चष्मा काढला. त्यांना एक वाट दिसली असावी, कारण आवाजात धार आली. “मला सांगा, पत्राला आणखी ओळी होत्या हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही ते पत्र बेकायदा वाचलेलं दिसतंय.”

“नाही वाचलं. ज्यांनी लिहिलं त्यांनी समोर ठेवलं, तरी नाही वाचलं. आणखी ओळी आहेत, एवढंच कळलं. वाचणार नाही अशी सही केलीय मी, त्या चौकोनाखाली. तुमच्या कॉलेजाने त्या सहीवर मला प्रवेश दिला. ती सही आजपर्यंत पाळली कुणी असेल तर मी एकटीने पाळलीय. म्हणून तर तुम्हाला विचारतेय. मला वाचायची परवानगी नाही, तुम्हाला आहे.”

फाईल टेबलावरच होती. पुस्तिकेत काय काय जाणार ते सगळं तिच्यात होतं, आणि हे सगळ्यांना दिसत होतं, कारण वर जाड अक्षरात तसं लिहिलेलं होतं. “वाचा ना, सर,” मागून कुरळी म्हणाली. मग आणखी कुणीतरी म्हणालं. मग बऱ्याच जणांनी म्हटलं.

प्राचार्यांनी फाईल उघडली. या वेळी कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे त्यांना सुचलं नाही. तारखांचा तक्ता वाचावा तसं त्यांनी वाचलं.

“‘हे मी केवळ समितीच्या सदस्यांसाठी लिहीत आहे. मुलीच्या धाकट्या बहिणीला यातले काहीही ठाऊक नाही. ती अजून लहान आहे. तिला हे परक्या माणसाकडून कळू नये, म्हणून हे पत्र आपल्या खोलीबाहेर जाऊ देऊ नये, ही हात जोडून विनंती.’”

“म्हणजे सर,” कुरळी उभी राहिली, “त्या दिवशी वाचायच्या आधी तुम्ही हे वाचलं होतं?”

“त्या दिवशी वेळ कमी होता,” प्राचार्य म्हणाले.

कुणी हसलं नाही, टाळ्या तर कुणीच वाजवल्या नाहीत. प्राचार्यांनी ते कागद फाईलमधून वेगळे काढले, पुस्तिकेत हे जाणार नाही असं पुटपुटले, आणि मग, मुलं हलेनात हे बघून, कसंबसं म्हणाले, “माझी चूक झाली.” तास तिथेच संपला.

थोरली त्या दिवशी जवळजवळ पळतच घरी आली. आई अजून कामावरून यायची होती. धाकटी जमिनीवर दप्तर पसरून गणितं सोडवत बसली होती. थोरलीने चपला काढता काढता सगळं सांगून टाकलं. तो चौकोन, ती सही, खिडकीतले कारकून, तो तास, प्राचार्यांचा पडलेला चेहरा. कितीतरी दिवसांनी ती हसत होती.

“माझ्याबद्दलची गोष्ट,” ती म्हणाली, “आणि मला सोडून सगळ्यांना ठाऊक! चांगलं सुनावलं मी.”

धाकटीने पेन्सिल खाली ठेवली. “त्या शेवटच्या ओळी कुणाबद्दल होत्या?”

“तुझ्याबद्दल. की तुला काही माहीत नाही. तू लहान आहेस.”

“वकीलबाईंना माहीत होतं?”

“हो.”

“मावशीला?”

थोरलीचं हसू मावळलं. “हो.”

“शेजारच्या काकूंना? त्या मला नकाशासाठी रंग आणून द्यायच्या, तेव्हापण?”

थोरलीने मान हलवली.

“म्हणजे मला सोडून सगळ्यांना,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज आता कापायला लागला होता, आणि ते रडणं नव्हतं, तो राग होता. “आणि मी तर कुठे सहीसुद्धा केली नव्हती.”

थोरलीने दप्तर बाजूला सरकवलं, धाकटीच्या समोर बसली, आणि त्या पहाटेपासूनचं सगळं, काही न गाळता, सांगायला सुरुवात केली.